अर्धा फोटॉन कुठे जातो?

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. उन्हासाठी पोलराइज्ड गॉगल घेतला. परवा तो डोळ्यांवर ठेवूनच शेडमध्ये शिरलो आणि रॅपिअर लूमचा डिस्प्ले वाचायला मान तिरकी केली, तर अक्षरे नाहीशी! मान सरळ केली की पुन्हा हजर. घरी मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला विचारले. ती म्हणाली, गॉगलची काच ४५ अंशांत फिरवली की अर्धा प्रकाश जातो, ९० अंशांत काहीच जात नाही. त्याच दमात म्हणाली, प्रकाश म्हणजे फोटॉन आणि फोटॉनचे तुकडे होत नाहीत. मग ४५ अंशांत अर्धा कोण जातो? वर तिने आणखी एक कोडे घातले. दोन काचा एकमेकींशी काटकोनात धरून अंधार केला आणि मध्ये तिसरी काच तिरकी सरकवली, तर म्हणे उजेड परत येतो. आडकाठी वाढवली की उजेड वाढतो, हे काही मला पटत नाही. — एक वाचक, सोलापूर

उत्तर: मुलीने सांगितलेले सगळे खरे आहे. ते एकमेकांत बसत नाही ही तुमची तक्रारही रास्त आहे, आणि ती करणारे तुम्ही पहिले नाही. पॉल डिरॅक यांनी १९३० साली क्वांटम यांत्रिकीवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या पहिल्याच प्रकरणात हाच सवाल घेतला आहे: ध्रुवित (पोलराइज्ड) प्रकाशाचा एकच फोटॉन तिरक्या धरलेल्या स्फटिकावर आला तर त्याचे काय होते? तेव्हा तुमच्या कोड्याचे घराणे मोठे आहे. एकेक गाठ सोडवत जाऊ.

आधी गॉगल. प्रकाश ही विद्युत आणि चुंबकी क्षेत्रांची लाट आहे. ती पुढे धावते आणि तिच्यातले विद्युत क्षेत्र धावण्याच्या दिशेला काटकोनात थरथरते. कधी उभे, कधी आडवे, कधी तिरके. उन्हात किंवा बल्बच्या उजेडात या सगळ्या दिशा मिसळलेल्या असतात. थरथर एकाच दिशेची उरली की तो प्रकाश ध्रुवित झाला. भर दुपारी अक्कलकोटच्या दिशेने गाडी हाकताना डांबरावरून आणि समोरच्या गाडीच्या बॉनेटवरून जी तिरीप डोळ्यांत घुसते, तिच्यात आडव्या थरथरीचा वाटा मोठा असतो, कारण सपाट पृष्ठभागावरून तिरका प्रकाश उसळतो तेव्हा आडवा भाग जास्त परततो. पोलराइज्ड गॉगल फक्त उभ्या थरथरीला वाट देतो, म्हणून तिरीप मरते आणि बाकीचा रस्ता नीट दिसतो. नुसत्या काळ्या गॉगलला हे जमत नाही. तो सगळेच सरसकट मंद करतो.

एलसीडी डिस्प्लेच्या काचेवरही बाहेरच्या बाजूने अशीच ध्रुवक फिल्म चिकटवलेली असते. त्यामुळे तिच्यातून येणारा उजेड आधीच ध्रुवित असतो. त्याची दिशा आणि गॉगलची दिशा जुळली की अक्षरे दिसतात, काटकोनात आली की गायब. बऱ्याच डिस्प्लेंत ही दिशा ४५ अंशांनी तिरकी ठेवलेली असते. म्हणून मान एका खांद्याकडे कलवली तर काळोख होतो आणि दुसऱ्या खांद्याकडे कलवली तर अक्षरे उलट जास्तच उजळ दिसतात. तुम्ही बहुधा एकाच बाजूने पाहिले असावे. दुसऱ्या बाजूनेही पाहा. शेडमधली माणसे हसली तर हसू द्या.

ही फिल्म कशाची असते, हे एमआयडीसीतल्या माणसाला सांगायला मजा येते. ती पीव्हीएची, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ देताना स्टार्चच्या जोडीला हेच वापरतात. झीरो ट्विस्ट टॉवेलच्या सुतात जो धागा पुढे गरम पाण्यात विरघळून जातो, तोही याचाच. पीव्हीएची फिल्म मऊ करून एका दिशेने ओढली की तिच्यातल्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एका रांगेत येतात. तिला आयोडीन पाजले की आयोडीनही त्या साखळ्यांना धरून रांगेत बसते. अमेरिकेत एडविन लँड यांनी १९३८च्या सुमारास ही कृती बसवली. आजचे गॉगल आणि डिस्प्ले बहुतांशी तिच्यावरच चालतात.

आता पहिला गैरसमज. ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून उभी पट्टी सरकते आणि आडवी अडकते, तसेच फिल्मचे असणार, असे कापडाच्या धंद्यातल्या माणसाला वाटणारच. प्रत्यक्षात उलटे आहे. साखळीच्या दिशेने थरथरणारे क्षेत्र आयोडीनमधल्या इलेक्ट्रॉनांना साखळीच्या लांबीभर पळवते. त्या पळापळीत प्रकाशाची ऊर्जा खर्ची पडते आणि फिल्म किंचित तापते. साखळीला काटकोनात थरथरणाऱ्या क्षेत्राला इलेक्ट्रॉन पळवायला जागाच मिळत नाही, म्हणून ते निसटते. म्हणजे साखळ्या उभ्या असतील तर पार होणारा प्रकाश आडवा. फटीचे आणि पट्टीचे चित्र मनातून काढून टाकलेले बरे, कारण तिसऱ्या काचेपाशी ते हमखास दगा देते.

कोनाचा हिशेब फोटॉनांच्या बराच आधीचा आहे. एतिएन-लुई मालुस हे फ्रेंच लष्करातले इंजिनिअर. १८०८ साली पॅरिसमध्ये ते लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य आइसलँड स्पार नावाच्या स्फटिकातून पाहत होते. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. मालुस यांनी स्फटिक फिरवला, तर दोन्ही प्रतिमा आळीपाळीने मंद आणि ठळक होऊ लागल्या. काचेवरून परतलेला प्रकाश ध्रुवित असतो हे त्यांच्या ध्यानात आले, आणि पुढे त्यांनी नियम दिला: ध्रुवित प्रकाशाची दिशा आणि फिल्टरची दिशा यांच्यातला कोन घ्या, त्याच्या कोसाइनचा वर्ग करा, तेवढा अंश पार होतो. वर्ग कशासाठी? फिल्टरच्या दिशेत क्षेत्राचा जेवढा घटक पडतो तो कोसाइनच्या पटीत असतो, आणि लाटेची ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या पटीत. म्हणून ० अंशाला १०० टक्के, ३० अंशांना ७५, ४५ला ५०, ६०ला २५ आणि ९०ला शून्य. ४५ हा काटकोनाच्या निम्मा आहे म्हणून निम्मा प्रकाश जातो, असा सोपा समज करून घेऊ नका. ३० अंश हा काटकोनाचा तिसरा हिस्सा, तरी प्रकाश चौथाईच कमी होतो.

मालुस यांच्या मनात ऊर्जा होती. तिचे हवे तेवढे भाग करायला कोणाची हरकत नव्हती. हरकत निघाली ती १९०५ साली. प्रकाशाची ऊर्जा ठरावीक पुडक्यांनीच घेतली-दिली जाते, असे आइन्स्टाइन यांनी मांडले. ‘फोटॉन’ हे नाव त्या पुडक्याला १९२६ साली मिळाले. एका पुडक्यात किती ऊर्जा, हे प्रकाशाचा रंग ठरवतो, आणि इथेच अर्ध्या फोटॉनचा निकाल लागतो. हिरव्या फोटॉनचे दोन सारखे तुकडे झाले असते तर प्रत्येकाची ऊर्जा निम्मी आणि तरंगलांबी दुप्पट झाली असती. ५५० नॅनोमीटरची ११००. हा अवरक्त प्रकाश, डोळ्याला दिसतच नाही. पण हिरवा उजेड तिरक्या काचेतून पाहा. तो मंद होतो, पण राहतो हिरवाच. म्हणजे पार गेलेले सगळे फोटॉन अख्खे आहेत, फक्त संख्येने कमी. अडलेलेही अख्खेच अडले आणि फिल्ममध्ये उष्णता होऊन संपले. ४५ अंशांत अर्धा फोटॉन जात नाही, फोटॉनांपैकी अर्धे जातात.

मग कोणते अर्धे? तुमचा खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर जरा पचायला जड आहे. डिस्प्लेतून निघालेले फोटॉन एकाच रंगाचे आणि एकाच दिशेने ध्रुवित असतील, तर एकात आणि दुसऱ्यात काहीही फरक नाही. तरी तिरक्या काचेवर आल्यावर एक जातो, दुसरा अडतो. विशिष्ट फोटॉनचे काय होईल ते सांगायचा मार्ग नाही. सांगता येते ती फक्त शक्यता, आणि ती मालुस यांच्याच आकड्याइतकी: कोनाच्या कोसाइनचा वर्ग. जुना नियम बदलला नाही. पूर्वी तो ऊर्जेच्या वाटणीचा होता, आता एकेका फोटॉनच्या शक्यतेचा झाला.

शक्यतेचा खेळ चालू असताना गॉगलमधून उजेड लुकलुकत का नाही? संख्येमुळे. ४५ अंशांतल्या काचेवर १०० फोटॉन सोडले तर बरोबर ५० जातील असे नाही. ४६ जातील, ५३ जातील. साधारण ५ इकडे-तिकडे. १०,००० सोडले तर चढउतार ५०चा. आकडा वाढला, पण प्रमाण दहापट घटले. आता एक मिलिवॉटचा लाल लेसर पॉइंटर घ्या. तो सेकंदाला सुमारे ३ वर १५ शून्ये इतके फोटॉन सोडतो. त्यांतले पार होणारे मोजले तर चढउतार पावणेतीन कोटींच्या आसपास निघेल. ऐकायला अवाढव्य, पण पार गेलेल्या १० कोटींमागे तो जेमतेम दोनाचा फरक. डोळ्याला तो कळणे शक्य नाही. प्रयोगशाळेत मात्र प्रकाश इतका क्षीण करता येतो की डिटेक्टरची एकेक टिक वेगळी मोजता येते. तिथे टिक पडते किंवा पडत नाही. अर्धी टिक कधीच पडत नाही.

आता तिसरी काच. फिल्टर म्हणजे चाळण, अशी आपली समजूत असते. चाळण खडे अडवते, पण खाली पडलेल्या पिठात काही बदल करत नाही. तसे असते तर तुमची शंका बिनतोड होती: दोन चाळण्यांतून काहीच येत नसेल, तर तिसरी लावून काय येणार? पण ध्रुवक फिल्टर पार जाणाऱ्या फोटॉनला बदलतो. ४५ अंशांच्या काचेतून जो फोटॉन पार होतो तो ४५ अंशांतच ध्रुवित होऊन बाहेर पडतो. आधी तो उभा होता याची कसलीही खूण त्याच्याजवळ उरत नाही. पुढच्या काचेला तो भेटतो तो ४५ अंशांचा फोटॉन म्हणून.

हिशेब मांडून पाहा. डिस्प्लेतून १००० उभे फोटॉन निघाले, समोर आडवी काच. कोन ९०, पार शून्य. मध्ये ४५ अंशांत काच घातली. तिच्यापाशी ५०० संपले आणि ५०० तिरके होऊन पुढे निघाले. या तिरक्यांचा शेवटच्या आडव्या काचेशी कोन ९० नाही, ४५ आहे. म्हणून त्यांतले निम्मे, २५०, पार. शून्याचे २५० झाले. मधल्या काचेने उजेड निर्माण केला नाही. १०००चे २५० म्हणजे तीन चतुर्थांश वाया गेलेच. तिने इतकेच केले की जे फोटॉन शेवटच्या काचेवर नक्की मरणार होते, त्यांतल्या काहींची दिशा बदलून त्यांना जगायची संधी दिली. तीच तिरकी काच मध्ये न ठेवता शेवटी, दोन्ही काचांच्या पुढे धरली, तर अंधार कायम राहतो, कारण तिथवर कोणी पोचतच नाही. क्रम महत्त्वाचा आहे.

हे आणखी ताणून बघण्यासारखे आहे. मध्ये एकाऐवजी दोन काचा ३० आणि ६० अंशांत घातल्या, तर तीन टप्प्यांत ७५ टक्क्यांचे ७५ टक्के, त्यांचे ७५ टक्के, म्हणजे सुमारे ४२ टक्के पार. दहा-दहा अंशांचे नऊ टप्पे केले तर ७६ टक्के. एकेका अंशाचे ९० टप्पे केले तर ९७! कागदावर, अर्थात. खरी फिल्म आपल्या दिशेतल्या प्रकाशातलाही थोडा वाटा खातेच, त्यामुळे ९० खऱ्या फिल्म रचल्या तर पलीकडे फारसे काही दिसायचे नाही.

“जाणार की अडणार हे फोटॉनचे आधीच ठरलेले असेल, आपल्याला ठाऊक नसते इतकेच,” असे तुमच्या मनात आले असेल. एकट्या फोटॉनपुरता हा युक्तिवाद खोडून काढता येत नाही. पण फोटॉनांच्या गुंतलेल्या जोड्या तयार करता येतात. जोडीतला एक डावीकडे, एक उजवीकडे पाठवला आणि दोन्हीकडच्या काचा एकाच कोनात ठेवल्या, तर निकाल दर वेळी एकच: गेले तर दोघे, अडले तर दोघे. डावी काच ३० अंश फिरवली की १००पैकी २५ वेळा निकाल वेगळे पडतात. डावी परत सरळ करून उजवी उलट बाजूला ३० अंश फिरवली, तरी २५. आता दोन्ही एकदम फिरवा, म्हणजे दोघींत ६० अंशांचे अंतर. निकाल आधीच ठरलेले असतील आणि डावीकडच्या काचेचा उजवीकडे काही परिणाम होत नसेल, तर डावीकडे बदललेले २५ आणि उजवीकडे बदललेले २५, मिळून वेगळे निकाल फार तर ५०. क्वांटम यांत्रिकीचे गणित सांगते ७५. असा काहीतरी फरक मोजता येईल हे जॉन बेल यांनी १९६४ साली दाखवले. पुढे जॉन क्लाउझर, अलाँ आस्पे आणि अँटन झायलिंगर यांच्या प्रयोगांनी क्वांटमच्या बाजूने कौल दिला, आणि तिघांना २०२२ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. फोटॉन आपापला निकाल खिशात घालून निघतात, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

हे सगळे दूरच्या प्रयोगशाळांतले वाटत असेल, तर आपल्याच जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या लॅबमध्ये डोकावा. गाळप चालू असताना तिथे रसाची ब्रिक्स (विरघळलेले सगळे घटक) आणि पोल (त्यातला साखरेचा अंश) काढतात. त्यातली पोल निघते ती ध्रुवित प्रकाशाने. पोलरीमीटरमध्ये दोन ध्रुवक काटकोनात असतात, म्हणजे पलीकडे अंधार. मध्ये २० सेंटिमीटरची नळी. नळीत पाणी भरले तर अंधार तसाच राहतो. १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर असेल, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची दिशा नळीतून जाताना सुमारे ३४.६ अंशांनी वळते. त्यामुळे शेवटच्या ध्रुवकाशी होणारा कोन ९०चा ५५.४ होतो, आणि अंधाराच्या जागी १००पैकी सुमारे ३२ फोटॉन पार होतात. शेवटचा ध्रुवक ३४.६ अंश फिरवला की पुन्हा अंधार. किती फिरवावा लागला, त्यावरून साखर किती ते कळते. साखर कमी तर वळण कमी. तिसऱ्या काचेत आणि साखरेच्या नळीत एक मोठा फरक आहे: काच निम्मे फोटॉन खाऊन उरलेल्यांना वळवते, साखर जवळपास कोणालाही न खाता सगळ्यांना वळवते. साखरेच्या रेणूची घडण डाव्या-उजव्या हातासारखी एकाच बाजूची असल्यामुळे तिला हे साधते.

तिसऱ्या काचेचा प्रयोग घरी करायचा तर तीन गॉगल नकोत. एलसीडी पडद्याचा मोबाइल किंवा कॅल्क्युलेटर हाच पहिला फिल्टर. एक गॉगल फिरवत पडदा काळा करा, आणि पडदा व तो गॉगल यांच्या मध्ये दुसऱ्या पोलराइज्ड गॉगलची काच तिरकी धरा. तेवढ्या भागात पडदा उजळेल. काही मोबाइलचे पडदे कशाही कोनात काळे पडत नाहीत. त्यांच्यावर आणखी एक थर दिलेला असतो, तेव्हा मुलीला खोटे पाडायची घाई करू नका.

दुकानात गॉगल घेतानाही हीच युक्ती चालते. एकाच प्रकारचे दोन गॉगल एकमेकांसमोर काटकोनात धरा. काचा काळ्या झाल्या तर माल खरा पोलराइज्ड, नाहीतर नुसता रंग. आणि लूमचा डिस्प्ले वाचायचा असेल तेव्हा गॉगल काढून ठेवा. तिरक्या मानेने आकडा दिसला नाही म्हणजे मशीन बंद पडले असे नव्हे.

एक मात्र करू नका. दोन काचा काटकोनात धरून अंधार झाला, म्हणून त्यांतून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे पाहू नका. आयोडीनची ही फिल्म दिसणारा प्रकाश अडवते, अवरक्त किरणांना ती नीट अडवत नाही. डोळ्याला काळोख वाटतो आणि पडद्यामागे नेत्रपटल भाजत राहते. मुलीलाही हे सांगून ठेवा.